एका धातूचा कुलवृत्तांत

कुलवृत्तांत लिहिण्याची हौस महाराष्ट्रात जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, कोणती शाखा कोकणातच राहिली, कोणती घाट चढून देशावर आली, कोणी नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास अथवा इंदुरास जाऊन तेथलेच झाले, ही सर्व माहिती सनदा, वतनाचे कागद व वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांवरून जुळवावयाची आणि शेवटी वंशवृक्ष जोडावयाचा, ही पद्धत आपल्या ज्ञातिबांधवांस परिचयाची आहे. प्रस्तुत लेखातही एक कुलवृत्तांतच सांगावयाचा आहे. मात्र तो घराण्याचा नसून एका धातूचा आहे. विषय कोरडा म्हणून वाचकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. कारण ज्या ‘जात’ या शब्दाभोवती आपली संस्था उभी आहे तो शब्द याच धातूच्या पोटी जन्मला, आणि त्याची भावकी आयर्लंडपासून आसामपर्यंत पसरलेली आहे. या भावकीतील निरनिराळ्या शाखांनी ‘जन्म’ या एकाच भांडवलावर कोणकोणते व्यवहार केले, हे पाहण्यासारखे आहे.

धातू आहे ‘जन्’. पाणिनीय धातुपाठात तो चौथ्या गणात येतो आणि त्याचा अर्थ ‘प्रादुर्भाव’, म्हणजे प्रकट होणे, असा दिला आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे नसून तिन्हींचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन केले. पुढे फ्रान्झ बॉप यांनी १८१६ साली क्रियापदांच्या रूपांची पद्धतशीर तुलना करून या शास्त्राचा पाया घातला. त्यांच्या मार्गाने गेल्यास आपल्या धातूचे भाऊबंद ओळखण्यास विलंब लागत नाही. वैदिक ‘जनस्’, ग्रीक ‘गेनोस’, लॅटिन ‘गेनुस’: तिन्हींचा अर्थ कुल, वंश, प्रकार. वैदिक ‘जनिता’ म्हणजे जन्मदाता. ग्रीकात तोच ‘गेनेतोर’ आणि लॅटिनात ‘गेनितोर’. आपली ‘प्रजा’ म्हणजे मुळात संतती, आणि लॅटिनातील ‘प्रोगेनिएस’ हा शब्दही तोच उपसर्ग व तोच धातू घेऊन तोच अर्थ सांगतो. इतके साम्य उसनवारीने येत नसते.

ज्याला आपण ‘ज’ म्हणतो त्याचे लॅटिनात व ग्रीकात ‘ग’ होते, इराणी व स्लाव शाखांत ‘झ’ होते, आणि जर्मानिक शाखेत, याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार, ‘क’ होते. म्हणूनच आपले ‘जानु’ लॅटिनात ‘गेनू’ आणि इंग्रजीत ‘नी’ होते. या शेवटच्या शब्दाच्या आरंभी न उच्चारला जाणारा ‘के’ मुले शाळेत कुरकुरत पाठ करतात, तो याच नियमाचा अवशेष आहे. त्याच नियमाने ‘जनस्’ची इंग्रजी शाखा ‘किन’ म्हणजे नातलग अशी झाली, आणि रशियन ‘झ्यात्’ म्हणजे जावई हा आपल्या कुळाचा दूरचा आप्त ठरला.

आता या वृत्तांतातील जो भाग मला सर्वांत मनोरम वाटतो तो सांगतो. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हन् वरून ‘हत’, मन् वरून ‘मत’, तन् वरून ‘तत’ अशी रूपे घोकलेली असतात. मग जन् वरून ‘जत’ का होत नाही? ‘जात’ असा दीर्घ आकार कोठून आला? तसेच हन् पासून ‘हन्ता’, मन् पासून ‘मन्ता’. परंतु जन् पासून ‘जन्ता’ न होता वेदात ‘जनिता’ होते. हा मधला इकार कोणाचा? पाणिनीच्या नजरेतून ही गोष्ट सुटणे शक्यच नव्हते. त्याने जन्, सन् व खन् या तीन धातूंसाठी वेगळे सूत्र करून त्यांच्या नकाराच्या जागी आकार सांगितला, आणि इकारासाठी ‘इट्’ आगमाची व्यवस्था लावली. ‘सेट्’ व ‘अनिट्’ ही धातूंची विभागणी त्यातूनच आली. पाणिनीने काय घडते ते निर्दोष सांगितले. का घडते हा प्रश्न त्याच्या शास्त्राचा नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर सुमारे सव्वादोन हजार वर्षांनी जिनिव्हाच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाने दिले. फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ साल छापलेल्या आपल्या प्रबंधात असे मांडले की, मूळ भाषेत काही ध्वनी असे होते की जे पुढील सर्व परिचित भाषांतून लोपले, परंतु लोपताना शेजारच्या स्वरावर आपली खूण ठेवून गेले. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर जन् हा धातू मुळात नकारावर संपत नव्हता. त्याच्यापुढे घशातून निघणारा आणखी एक ध्वनी होता. तो दोन व्यंजनांच्या मध्ये सापडला तेथे संस्कृतात इकार झाला, ‘जनिता’तला, लॅटिन ‘गेनितोर’मधील इकार व ग्रीक ‘गेनेतोर’मधील मधला एकारही त्याचेच वारस. जेथे तो स्वरासारख्या उच्चारल्या जाणाऱ्या नकारात मिसळला तेथे दीर्घ आकार झाला, ‘जात’मधला. हन् व मन् यांच्यापाशी हा ध्वनी नव्हता म्हणून ‘हत’ व ‘मत’ ऱ्हस्वच राहिले. सोस्यूर यांचे हे अनुमान केवळ तर्काच्या बळावर होते आणि अनेकांनी ते हसण्यावारी नेले. पुढे आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटांवरील हित्ती भाषा वाचली गेली, तेव्हा अशा लुप्त ध्वनींपैकी काही त्या लेखांत प्रत्यक्ष लिहिलेले आढळले, आणि १९२७ साली पोलिश पंडित कुरिलोविच यांनी ते निदर्शनास आणले. कुलवृत्तांतकाराने केवळ जमिनीच्या वाटण्यांवरून एक हरवलेला चुलता गृहीत धरावा आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्याच गावच्या दप्तरात त्याची सही सापडावी, असा हा प्रकार आहे.

म्हणून मूळ धातू लिहिताना विद्वान त्याच्या आधी एक तारका काढतात. ती तारका म्हणजे, हे रूप कोणत्याही शिलालेखात वा ग्रंथात नाही, ते अनुमानाने सिद्ध केलेले आहे, अशी प्रांजळ कबुली होय. आपल्या कित्येक वंशावळींत मूळ पुरुषाच्या नावापुढे अशी तारका काढण्याची प्रथा असती तर फार बरे झाले असते! असो.

वृत्तांत लिहिताना खरे भाऊबंद जोडण्याइतकेच खोटे वारस वगळणेही आवश्यक असते. इंग्रजीतील ‘किंग’ हा ‘किन’चाच, म्हणजे कुळाचा, मनुष्य, तो आपल्या घरचा आहे. पण त्याची ‘क्वीन’ मात्र दुसऱ्या घरची. ती ज्या धातूची त्यातून ग्रीक ‘गुने’, फारसी ‘ज़न’ आणि स्त्री या अर्थाचा वैदिक ‘जनि’ हे शब्द आले. वेदातला ‘जनि’ दिसावयास अगदी आपल्या धातूसारखा, परंतु संबंध काही नाही. सबब आपल्या ‘जनानखान्या’स या कुळात प्रवेश नाही, ‘शहजादा’ मात्र हक्काने येतो, कारण त्यातील फारसी ‘ज़ादा’ म्हणजे संस्कृत ‘जात’च होय. ‘जनावर’ हेही परकेच. त्यात फारसी ‘जान’ म्हणजे प्राण आहे. उलट पोटातले ‘जंत’ हे संस्कृत ‘जन्तु’चे, आणि ‘गाय व्याली’ यातील ‘व्याणे’ हे ‘विजायते’चे वंशज, त्यांना नाकारता येणार नाही. सर्वांत मोठी फसगत मात्र खुद्द ‘जात’ या शब्दाबाबत होते. ‘साहेबांनी जातीने लक्ष घातले’ किंवा ‘जातमुचलका’ यांतील ‘जात’ हा अरबी ‘ज़ात’, म्हणजे स्वतः. त्याचा जन्माशी काडीचा संबंध नाही. एकाच उच्चाराचे दोन शब्द मराठीत शेजारी राहतात. एक विचारतो तू कोणाच्या पोटी आलास, दुसरा विचारतो तू स्वतः कोण.

संस्कृतातील ‘जाति’ शब्दाचा विस्तार पाहिला म्हणजे आपण रोजच्या व्यवहारात त्याचा किती लहान तुकडा वापरतो हे ध्यानात येते. पाली ग्रंथांत जाति म्हणजे केवळ जन्म. बुद्धाच्या कारणपरंपरेत जरामरणाच्या अगोदरची ती कडी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत कर्माचा विपाक म्हणून जाति, आयुष्य व भोग सांगितले, तेथेही जन्मच अभिप्रेत आहे. नैयायिकांनी अनेक गाईंत असणाऱ्या ‘गोत्वा’ला जाति म्हटले, आणि त्याच शास्त्रात वादात दिलेल्या फसव्या उत्तरालाही जाति म्हणून त्याचे चोवीस प्रकार मोजले! भरताच्या नाट्यशास्त्रात अठरा जाती आहेत त्या गायनाच्या. छंदःशास्त्रात मात्रांवर चालणारी रचना ती जाति. आणि आमच्या अंगणातील ‘जाई’ ही सुद्धा संस्कृत ‘जाति’च, तिच्या शेजारची ‘जुई’ मात्र ‘यूथिका’. श्रीखंडात घालावयाचे ‘जायफळ’ ते ‘जातिफल’. जातक म्हटले की ज्योतिषास पत्रिकेचा धनी आठवतो, बौद्धास बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या कथा आठवतात. ‘हा मुलगा जात्याच हुशार आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा जातीविषयी बोलत नसतो, स्वभावाविषयी बोलत असतो. ‘जातिवंत कलावंत’ आणि ‘या दोन ग्रंथांची जातकुळी एक’ हे प्रयोगही त्याच जातीचे, म्हणजे प्रकारचे.

हाच अर्थविस्तार लॅटिनात जवळजवळ पावलावर पाऊल ठेवून झाला आहे. तेथे जन्मणे या अर्थाच्या क्रियापदाचे जुने भूतकालवाचक रूप ‘ग्नातुस’, नंतर ‘नातुस’; हे आपले ‘जात’च. त्यापासून ‘नातूरा’, म्हणजे जन्मतः असलेला स्वभाव, आणि पुढे इंग्रजी ‘नेचर’. त्यापासूनच ‘नातिओ’. हा शब्द रोमन लोक जन्म, पैदास, आणि विशेषेकरून परकीय टोळी या अर्थी वापरीत. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचे प्रांतवार गट होते त्यांना हेच नाव होते. तेथून चालत चालत तो शब्द आजच्या ‘नेशन’पर्यंत आला.

परंतु आपल्या वाचकांना विशेष चिंतनीय वाटेल असा शब्द ‘गेन्स’. एका मूळ पुरुषापासून उतरलेले व एकच कुलनाम लावणारे ते एक गेन्स. गायस जूलियस सीझर या नावातील ‘जूलियस’ हे त्याचे कुलनाम होय. रोममध्ये पॅट्रिशियन म्हणून वरिष्ठ कुळे होती आणि प्लिबियन म्हणून इतर प्रजा. इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास जे ‘बारा फलकांचे’ कायदे झाले त्यांत या दोहोंमधील विवाहास बंदी घातली गेली. रूढीने चालत आलेली गोष्ट एकदा लेखी झाली की ती बोचू लागते. येथेही तसेच झाले. अवघ्या काही वर्षांत, इ. स. पूर्व ४४५ मध्ये, कानुलेयस या लोकप्रतिनिधीने ती बंदी उठविण्याचा ठराव आणला. वरिष्ठांचा आक्षेप काय होता? लिव्ही या इतिहासकाराने तो नोंदविला आहे: आपले रक्त विटाळेल आणि कुळांचे अधिकार एकमेकांत मिसळून जातील. लिव्ही त्या घटनेनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा भाषणाचे शब्द त्याचे असतील. पण आक्षेप ओळखीचा वाटतो खरा. कायदा मंजूर झाला. रोमचे साम्राज्य त्यानंतर उभे राहिले, त्यापूर्वी नव्हे.

गेन्सचे विशेषण ते चांगल्या कुळातला. त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘जेंटल’ निघाला, आणि कुलीन याचा अर्थ हळूहळू सौम्य असा झाला. ‘जेनेरस’ म्हणजे मुळात खानदानी, आज उदार. ‘काइंड’ हा ‘किन’चा भाऊ, त्याचा एक अर्थ प्रकार, दुसरा दयाळू. जर्मनीत ‘किंड’ म्हणजे मूल. फ्रबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ असे नाव दिले तेव्हा ‘जाता’ची बागच लाविली म्हणावयाची. आपल्याकडेही ‘कुलीन’ शब्दाने वर्तन सूचित होते, परंतु ‘जाति’ शब्द मात्र त्या दिशेने गेला नाही.

इराणी शाखेत याहूनही नवल घडले. अवेस्तातील ‘आझात’ म्हणजे कुळात जन्मलेला, म्हणून उच्चकुलीन, म्हणून कोणाचा दास नसलेला. लॅटिनातील ‘इंगेनुउस’ हाही त्याच धातूचा आणि त्याच अर्थाचा: रोमन कायद्यात जन्मतः स्वतंत्र असलेल्या नागरिकाची ती संज्ञा होती. स्वातंत्र्य ही त्या काळी जन्माने मिळणारी वस्तू होती. ‘आझात’चे फारसीत ‘आझाद’ झाले आणि तो शब्द हिंदुस्थानात आला. चंद्रशेखर तिवारी यांनी जन्माने मिळालेले आडनाव टाकून हे नाव धारण केले. १९४३ साली सिंगापुरात नेताजींनी स्थापिलेल्या सरकारलाही हेच विशेषण लागले. ज्या शब्दाने एकेकाळी मूठभर कुळांचा जन्मसिद्ध अधिकार सांगितला जाई, तो शब्द सर्वांच्या मुक्ततेसाठी वापरला गेला, आणि तो वापरताना त्याचे मूळ कोणाला आठवलेही नाही.

याच्या नेमकी उलट वाटही या कुळाने पाहिली आहे. भाषेचे नाते सिद्ध झाले तेव्हा पुष्कळांनी त्यावरून रक्ताचे नाते गृहीत धरले. मॅक्स म्यूलर यांच्या आरंभीच्या सैल लिखाणाने या समजास हातभार लागला होता. परंतु १८८८ साली त्यांनीच बजावून सांगितले की, आर्य ही संज्ञा भाषेची आहे, कवटीची किंवा केसांची नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. १९०१ च्या खानेसुमारीत हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक उच्चनीचता लावण्याचा घाट घातला. नाकांची मापे घेण्याचा छंदही त्यांनाच होता. त्या काळात आपले स्थान वर चढवून घेण्यासाठी ठिकठिकाणच्या ज्ञातींनी सरकारकडे अर्जांचे ढीग लाविले, आणि त्या अर्जांत व्युत्पत्तींचा मुक्तहस्ते उपयोग केला. आपल्याही जुन्या अंकांतून असे लेख सापडतील. ते लिहिणाऱ्यांच्या हेतूस मी नावे ठेवीत नाही. त्यांच्या शास्त्रास मात्र ठेवतो. युरोपात याच भ्रमाचा शेवट कशात झाला हे सर्वविदित आहे. त्या संहारास नाव देण्यासाठी राफाएल लेम्किन यांनी १९४४ साली ग्रीक ‘गेनोस’लाच वधार्थक लॅटिन शब्द जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडविला.

रक्ताचा प्रश्न आता भाषाशास्त्राच्या हाती राहिलेला नाही. तो ज्यांच्या हाती गेला त्यांच्या मुख्य वस्तूचे नाव ‘जीन’, हे १९०९ साली योहान्सेन यांनी ग्रीकावरून घेतलेले; मराठीत त्याला ‘जनुक’ म्हणतात, म्हणजे दोन्हीकडे धातू तोच. हैदराबाद व हार्वर्ड येथील संशोधकांनी ७३ समूहांतील ५७१ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात दोन भिन्न पूर्वजगटांचा संकर मोठ्या प्रमाणावर झाला. त्याची खूण जवळजवळ प्रत्येक समूहात आढळते, आणि आपापल्या गटातच विवाह करण्याची पद्धत त्यानंतर दृढ झाली. म्हणजे वंशवृक्षाच्या खोडाशी गेल्यास सर्वांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याने हे पानही आपल्या ग्रंथात लावले पाहिजे.

राहिला आपल्या संस्थेच्या नावातील ‘ज्ञाति’ शब्द. त्याच्या कुळाविषयी विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्याला जन् धातूकडे ओढतो: ज्ञाति म्हणजे एकत्र जन्मलेला. दुसरा पक्ष, आणि आपल्याकडील जुन्या कोशकारांचा कलही तिकडेच, ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या धातूकडे नेतो: ज्ञाति म्हणजे ओळखीचा, परिचित. मूळ भाषेत हे दोन धातू वेगळे होते. त्यांच्या शेवटी असलेल्या त्या लुप्त ध्वनींतही फरक होता. ग्रीकाने तो फरक स्वरांत जपून ठेवला. तेथे भावाला ‘कासिग्नेतोस’ म्हणत, तो एकार जन्माचा. आणि होमरच्या काव्यात आप्ताला ‘ग्नोतोस’ही म्हटले आहे, तो ओकार जाणण्याचा. संस्कृतात मात्र दोन्हीकडचे स्वर आकारात बुडाले आणि ‘ज्ञाति’ दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर उभा राहिला. ग्रीक ‘ग्नोतोस’च्या आधाराने मला स्वतःला दुसरा पक्ष बलवत्तर वाटतो. त्याच ‘ज्ञाति’च्या गोतावळ्यात आपले ‘नाते’ व ‘नातलग’ हे शब्द येतात, आणि गुजराती बंधू ज्याला ‘नात’ म्हणतात ती आपली जात. ‘नातू’ मात्र यात बसत नाही. तो संस्कृत ‘नप्तृ’चा, लॅटिन ‘नेपोस’चा सख्खा आणि इंग्रजी ‘नेफ्यू’चा चुलत, त्याचा वृत्तांत निराळा लिहावा लागेल.